कामासाठी परदेश दौरे आणि घर: परतल्यावरचे पहिले दोन दिवस कसे काढावेत

बॅग, व्हिसा, विमा हे तुम्हाला येतं, त्यावर शब्द घालवत नाही.

सुरुवात तारखांपासून. तिकीट काढून झाल्यावर 'पुढच्या आठवड्यात जातेय' म्हणणं म्हणजे कळवणं, विचारणं नव्हे. परीक्षा, शाळेचे कार्यक्रम, दवाखान्याच्या वेळा आधी कॅलेंडरवर टाका आणि मग ऑफिसला होकार द्या.

मग तुमच्या फोनवर अडकलेली कामं मोकळी करा. बिलं, शाळेचे निरोप फक्त तुमच्याच नंबरवर येत असतील, तर तुम्ही विमानात बसलात की घर अडतं. जोडीदाराचाही नंबर नोंदवा.

'रोज तासभर व्हिडिओ कॉल करा' हा सल्ला ज्याने दिला, त्याने सात वर्षांच्या मुलाशी तासभर फोनवर बोलून पाहावं. दहा मिनिटं पुरतात, पण वेळ ठरलेली हवी आणि ती घरच्या घड्याळाप्रमाणे. मार्चमध्ये जरा जपून: अमेरिकेत बहुतेक ठिकाणी घड्याळं दुसऱ्या रविवारी पुढे जातात, युरोपात शेवटच्या. त्यामुळे वेळेतलं अंतर अचानक तासाने बदलतं. मी एकदा फसले. फोन लावला तेव्हा लेक अजून उठलीच नव्हती.

हे सगळं सोपं. अवघड आहे ते परतणं, आणि त्याबद्दल मला कोणी काही सांगितलं नव्हतं.

एकदा अकरा दिवसांनी घरी आले. बॅग अजून दारातच होती आणि मी विचारलं, "गृहपाठ जेवणानंतर? आपण आधी करतो ना?" नवरा काही बोलला नाही. लेक म्हणाली, "तू नसतेस तेव्हा असंच असतं, आई." तिने ते इतक्या सहज सांगितलं की मला उत्तर सुचेना. अकरा दिवसांत त्या दोघांनी आपली घडी बसवली होती आणि मी आल्या आल्या ती विस्कटायला निघाले होते. पुढच्या दोन-तीन दौऱ्यांनंतरही मी हेच केलं, कारण मला वाटायचं की मी मदत करतेय.

आता माझा नियम पक्का आहे: पहिले दोन दिवस काहीही दुरुस्त करायचं नाही. नव्या ऑफिसात रुजू झाल्यासारखं वागायचं. काय कुठे ठेवलंय ते विचारायचं, हलवायचं नाही. लहान मूल तुमच्याकडे न येता दुसऱ्याला बिलगलं तर ओढून घेऊ नका, जवळ बसून राहा, ते येतं. आणि घरात पाऊल टाकताच 'फार दमले' म्हणू नका. तुम्ही दमलेल्या असालच, पण समोरच्याने इतके दिवस दोघांचं काम एकट्याने ओढलंय.

त्याऐवजी एक काम पूर्ण अंगावर घ्या. कुठलं, ते तुमची झोप ठरवेल. शरीराचं घड्याळ ढोबळमानाने दिवसाला एक तास सरकतं, म्हणजे आठ तासांच्या फरकाला साधारण आठ दिवस लागतात. परतीचा प्रवास पश्चिमेकडे असेल, म्हणजे जपानहून भारतात, तर संध्याकाळी डोळे मिटतात आणि पहाटे टक्क जाग येते. मग मुलांना उठवणं, त्यांची तयारी तुमची. परतीचा प्रवास पूर्वेकडे असेल, म्हणजे युरोपातून भारतात, तर रात्री झोप लागत नाही. हे जास्त जड जातं, कारण बहुतेकांचं आतलं घड्याळ २४ तासांहून किंचित लांब असतं. त्याला उशिरा झोपणं जमतं, लवकर झोपणं नाही. मग रात्रीची आवराआवर तुमची. मुलांना घेऊन गाडी मात्र चालवू नका. अपुऱ्या झोपेत आपण सावध आहोत असं वाटतं, तेवढे आपण नसतो.

पहिल्या संध्याकाळी बाहेर जेवायचं, फिरायचं असलं काही कबूल करू नका. माझी पहिली अशी संध्याकाळ टेबलावर डोकं टेकून संपली.

भेटवस्तू आणा किंवा आणू नका, त्याने फारसा फरक पडत नाही.

परतताना पुढच्या दौऱ्याचा विषय ऑफिसने काढला असेल तर 'चार दिवसांत कळवते' म्हणा. घरी ती तारीख तिसऱ्या दिवशी विचारा.