स्नॅपशॉट होते, बॅकअप नव्हता

दारव्हा तालुक्यातल्या एका जिनिंगमध्ये मी कॉम्प्युटरचं काम पाहायचो. एकच सर्व्हर, त्यावर प्रॉक्समॉक्स (एकाच कॉम्प्युटरवर अनेक मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) आणि दोन व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरनं बनवलेले कॉम्प्युटर: एक काट्याच्या नोंदींचं, दुसरं हिशेबाचं. काही बदलायच्या आधी मी स्नॅपशॉट, म्हणजे मशीनची त्या क्षणाची स्थिती, जपून ठेवायचो आणि त्यालाच बॅकअप समजायचो. ऐन सीझनमध्ये लाइन गेली, यूपीएसही बसला, आणि डिस्क पुन्हा उठलीच नाही. सगळे स्नॅपशॉट त्याच डिस्कवर! मुनीमजींच्या पेनड्राइव्हवर अकरा दिवसांपूर्वीची कॉपी होती म्हणून निभावलं. मधल्या नोंदी काटा पावत्या गोळा करून भरल्या. "भाऊ, माह्या कापसाचं वजन गेलं का?" असं एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं विचारलं, ते अजून आठवतं.

या कामात नवीन असाल तर घरच्या जुन्या पीसीवर प्रॉक्समॉक्स टाका, ते फुकट मिळतं. बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) व्हर्च्युअलायझेशन चालू करा. बॅकअप वेगळ्या यूएसबी डिस्कवर घ्या. बॅकअपच्या 'स्नॅपशॉट' मोडमध्ये मशीन चालू असतानाच बॅकअप होतो. (नाव तेच असलं तरी हा खरा बॅकअप, वेगळी फाइल.) मशीनच्या आत क्यूईएमयू गेस्ट एजंट हा छोटा प्रोग्राम टाका आणि प्रॉक्समॉक्समध्ये त्या मशीनच्या ऑप्शन्समध्येही तो चालू करा, मग मशीन पूर्ण बंद करून सुरू करा. एजंट बॅकअपच्या क्षणी फाइल सिस्टिम (डिस्कवरचं लिहिणं) थोपवून धरतो. तो नसेल तर रिस्टोअर केलेलं (बॅकअपमधून परत उभं केलेलं) मशीन अचानक लाइन गेल्यासारखं उठतं. मशीनच्या हार्ड डिस्कच्या सेटिंगमधली 'बॅकअप' ही खूणही पाहून घ्या. ती काढलेली असेल तर ती डिस्क बॅकअपमध्ये येतच नाही.

खरा जीव रिस्टोअरमध्ये आहे. चालू मशीनवर कधीच रिस्टोअर करून पाहू नका, नवा आयडी (मशीनचा नंबर) द्या. रिस्टोअर करताना 'युनिक' निवडलं की मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डाचा ओळख नंबर) बदलतो, पण आत स्थिर आयपी (हातानं नेमून दिलेला नेटवर्कवरचा पत्ता) असेल तर तो तोच राहतो. म्हणून सुरू करण्याआधी नेटवर्क कार्डावर 'डिस्कनेक्ट'ची खूण करा, नाहीतर दोन मशीन एकाच आयपीवर भांडतात. मग लॉगिन करा, डेटाबेस उघडा, शेवटचा पावती नंबर वहीतल्या नंबराशी जुळवा. किती मिनिटं लागली तेही लिहा.

आता मी दोन यूएसबी डिस्क आळीपाळीनं वापरतो. एक सर्व्हरला, दुसरी घरी, आईच्या लोखंडी कपाटात. दर शनिवारी बदलतो.