टेंभरं घ्यायची तर पिकलेलीच

उन्हाळ्यात गडचिरोली-गोंदियाकडच्या बाजारात टेंभरांचे, म्हणजे तेंदूच्या फळांचे, वाटे दिसले, की हिरवट फळं आधी बाजूला सारा. कच्च्यात टॅनिन भरपूर. एक घास घेतला तरी घशाला तोठरा बसतो. पिवळंधमक, बोटानं सहज दबणारं फळ घ्या. देठाची टोपी काढा, साल सोला आणि चिकूसारखा गर खा. चपट्या तपकिरी बिया थुंका. अर्धवट पिकलेली धानाच्या तणसात दाबून ठेवली, की मऊ होतात.

विडीला पान देणारा तेंदू तो हाच. पानांचा हंगामही उन्हाळ्यातच. ७० पानांचा एक पुडा. धुऱ्यावरचं झाड तोडलं तरी मुळांतून फुटवे येतच राहतात, वखरणारा मग वैतागतो. मी मात्र एखादं ठेवाच म्हणेन.