कार्यपत्रिका बनवताय? परवान्यांच्या या चुका टाळा

बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये मोफत मिळतात, म्हणून त्यातला धडा उचलून आपल्या चॅनेलवर टाकायला हरकत नाही, असा बऱ्याच शिक्षकांचा समज असतो. पुस्तकाची सुरुवातीची पानं बघा. लेखी परवानगीशिवाय कोणताही भाग उद्धृत करता येणार नाही, असं तिथे स्पष्ट छापलेलं असतं. शिकवण्याच्या ओघात वापरायची सवलत कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये आहे, पण तिच्या भरवशावर यूट्यूब चॅनेल चालवू नका.

चित्राखाली ‘सौजन्य: गूगल’ लिहिणं हे श्रेय नव्हेच. गूगलने ते चित्र काढलेलं नसतं! क्रिएटिव्ह कॉमन्सचं, म्हणजे कर्त्याने ठरावीक अटींवर सगळ्यांना वापरायला खुलं केलेलं चित्र घेतलंत तर चित्राचं नाव, कर्ता, मूळ दुवा आणि परवाना लिहा. आकृतीतली नावं मराठीत केली असतील तर तेही सांगा. विकिपीडियावरच्या चित्राला लेखाचाच परवाना असतो असंही धरू नका. चित्रावर क्लिक केलं की त्याचा स्वतःचा परवाना दिसतो.

खरी गोची होते दोन ठिकाणचं साहित्य एकत्र करताना. विकिपीडियाचा मजकूर ‘सीसी बाय-एसए ४.०’ या क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली आहे (‘बाय’ म्हणजे श्रेय द्या, ‘एसए’ म्हणजे त्याच परवान्याखाली वाटा, ४.० ही आवृत्ती), म्हणजे त्यावरून बनवलेलं साहित्यही त्याच परवान्याखाली द्यावं लागतं. एमआयटी ओपनकोर्सवेअर, म्हणजे अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाचं मोफत अभ्याससाहित्य, ‘बाय-एनसी-एसए’ वापरतं. तिथेही तीच अट, शिवाय ‘एनसी’मुळे व्यावसायिक वापराला मनाई. दोन्हींची सरमिसळ करून एकच टिपण लिहिलंत, तर त्याला कोणता परवाना देणार? एकाची अट पाळली की दुसऱ्याची मोडते. अशा वेळी उतारे न बदलता वेगवेगळे ठेवा आणि प्रत्येकाखाली त्याचा परवाना लिहा. तो संग्रह ठरतो, रूपांतर नाही. सरमिसळ करायचीच असेल तर नुसतं ‘सीसी बाय’ असलेलं साहित्य शोधा. प्रथम बुक्सच्या स्टोरीविव्हर या गोष्टींच्या संकेतस्थळावर अशा मराठी गोष्टी भरपूर आहेत.

परवान्यात ‘एनडी’ (बदललेलं रूप वाटायला मनाई) दिसलं तर अनुवादाचा विचार सोडा. ४.० आवृत्तीत अनुवाद करून स्वतःजवळ ठेवता येतो, वाटता येत नाही. ‘एनसी’बाबत ‘आमची ट्रस्टची शाळा आहे’ हे उत्तर पुरेसं नाही, कारण ती अट संस्था कोणती हे पाहत नाही, वापर कशासाठी हे पाहते.

चुकीचं श्रेय देऊन पीडीएफ आधीच वाटली असेल तर? ४.० परवान्यात, चूक कळल्यापासून ३० दिवसांत दुरुस्त केली की वापराचा हक्क आपोआप परत मिळतो. दुरुस्त प्रत त्याच व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका आणि जुनी काढून घ्या.