आवळा उकळून पाणी मोरीत? या चुका टाळा

नोव्हेंबर उजाडला की सांगलीच्या मंडईत आवळ्याचे ढीग लागतात आणि घरोघरी तीच चूक नव्यानं सुरू होते. पाच किलो आवळे आणायचे, कुकरला तीन शिट्ट्या द्यायच्या, उकळलेलं पाणी मोरीत ओतायचं, फोडी साखरेत बुडवून कडक उन्हात वाळवायच्या आणि मग वर्षभर 'क' जीवनसत्त्व मिळतं म्हणून त्या चघळायच्या. 'क' जीवनसत्त्व पाण्यात विरघळतं, उष्णतेनं आणि हवेनं मोडतं. म्हणजे बरंचसं मोरीत गेलं, आणखी काही उन्हात गेलं, आणि हातात राहिली मुख्यतः साखर.

'क' जीवनसत्त्व हे एक अँटिऑक्सिडंट, म्हणजे शरीरातल्या पेशींचं नुकसान रोखायला मदत करणारं द्रव्य. पण अँटिऑक्सिडंट म्हणजे एकच एक पदार्थ नव्हे. 'क' आणि 'ई' जीवनसत्त्व, गाजर-टोमॅटोतली रंगद्रव्यं, जांभूळ-करवंदांतले जांभळे रंग, आवळ्याचा तुरटपणा हे सगळे त्यात येतात. काही पाण्यात विरघळतात, काही तेलात. स्वयंपाकघरात एवढा फरक लक्षात ठेवला की निम्म्या चुका आपोआप थांबतात.

आवळ्याचीच आणखी एक चूक फार वाईट. विश्रामबागेतल्या एका घरात दोन किलो आवळ्यांचा रस काढला आणि रात्रभर तांब्याच्या कळशीत भरून ठेवला. तांब्यातलं पाणी चांगलं, तर तांब्यातला रस दुप्पट चांगला, असा हिशेब. सकाळी रसाला हिरवट झाक आली होती, चव कडवट, धातूसारखी. तरी वाया कशाला घालवायचा म्हणून सगळ्यांनी अर्धा-अर्धा पेला घेतला आणि तासाभरात सगळ्यांना मळमळ, दोघांना उलट्या. आंबट रसात तांबं उतरतं, हे एक. दुसरं, तांब्याच्या नुसत्या स्पर्शानं 'क' जीवनसत्त्व झपाट्यानं नष्ट होतं. ज्यासाठी एवढा खटाटोप केला तेच आधी संपलं. लिंबू, आवळा, कोकम, ताक यांतलं काहीही तांब्या-पितळेच्या बिनकल्हईच्या भांड्यात ठेवू नका. स्टील, काच किंवा चिनी मातीची बरणी वापरा.

सगळ्यात सोपं म्हणजे रोज एक मध्यम आवळा कच्चा चिरून, मीठ लावून जेवणात घ्यायचा किंवा कोशिंबिरीत किसून टाकायचा. शिजवायचाच असेल तर मोदकपात्रात, चाळणीवर, पाण्याला न लागता ६-७ मिनिटं वाफवा. पाकळ्या सुटल्या की उतरवा. हंगाम संपायच्या आत बिया काढून फोडी डब्यात भरा आणि फ्रीजरमध्ये ठेवा, उन्हाळ्यापर्यंत पुरतात. वाळवायच्या असतील तर सावलीत, पातळ फडक्याखाली.

आता हळद. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, आणि त्याच सांगलीत लोक सकाळी उपाशीपोटी गरम पाण्यात चमचाभर हळद ढवळून पितात. हळदीतलं करक्युमिन हे पिवळं द्रव्य पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, ते पेल्याच्या तळाशी बसलेल्या गाळातच राहतं. शिवाय हळदीत करक्युमिन वजनाच्या साधारण ३ टक्के, म्हणजे ३ ग्रॅमच्या चमच्यात ९० मिलिग्रॅमच्या आसपास, आणि त्यातलंही अंगी लागतं फार थोडं. त्याला स्निग्ध पदार्थ हवा, सोबत मिरी हवी. मिरीतल्या पायपरीनमुळे ते जास्त शोषलं जातं. आपली फोडणी हेच तर करते! तेल तापवा, मोहरी तडतडू द्या, आच मंद करा, माणशी पाव चमचा हळद घाला आणि लगेच भाजी टाका. हळद तेलात काळी पडली की चव कडू आणि रंग गेला. दूध घेणार असाल तर साय न काढलेलं, वर दोन मिरी कुटून. भडक पिवळी सुटी पूड घेऊ नका, तिच्यात लेड क्रोमेट या शिसं असलेल्या विषारी पिवळ्या रंगाची भेसळ असू शकते. खात्रीच्या ठिकाणचं हळकुंड आणून दळून घ्या.

हळदीच्या कॅप्सूलचा आडमार्ग मात्र नकोच. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हातही लावू नका. गोळीतलं अँटिऑक्सिडंट आणि ताटातलं अँटिऑक्सिडंट सारखं वागत नाही. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर मोठी चाचणी झाली. १९९४ साली निकाल आला, तेव्हा गाजरातल्या नारिंगी रंगद्रव्याची, म्हणजे बीटा कॅरोटीनची, रोज २० मिलिग्रॅमची गोळी घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त निघाला. गाजर खाऊन असं होत नाही. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यानं ही गोळी घेऊच नये.

तासगावचा बेदाणा औषध म्हणून मूठ-मूठ खाणंही थांबवा. त्यात दोन तृतीयांशाच्या आसपास साखरच असते. १५-२० दाणे पुरेत. पिवळाधमक रंग बऱ्याचदा गंधकाच्या धुरीमुळे येतो. दमा असलेल्यांना असा बेदाणा त्रास देऊ शकतो, त्यांनी धुरी न दिलेला काळा बेदाणा घ्यावा. मधुमेह असेल तर दाणे मोजूनच.

महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी देठासकट धुवा, देठ नंतर काढा. आधी काढलात तर आत पाणी शिरतं. धुवायची ती खायच्या वेळीच.

पालेभाजी आधी धुवा, मग चिरा. हिरवी राहावी म्हणून सोडा घालू नका, 'क' जीवनसत्त्व जातं.

टोमॅटो मात्र तेलात शिजवा. त्याच्या लाल रंगातलं लायकोपीन शिजवल्यावर जास्त मिळतं.

ज्वारीचं पीठ चाळून कोंडा फेकू नका.

कोरेगावकडचा वाघ्या घेवडा, म्हणजे राजम्यासारखं पट्टेदार कडधान्य, घेतलात तर त्याच्या सालीचे पट्टे आधी बघा. तो रंगच कामाचा, म्हणून साल काढू नका. ८ तास भिजवा, ते पाणी ओतून द्या, कारण त्यानं पोट फुगतं. ताज्या पाण्यात पूर्ण मऊ शिजवा. अर्धवट शिजलेला घेवडा उलट्या-जुलाब करतो. शिजवलेलं पाणी मात्र टाकू नका, त्याचीच आमटी करा. आणि जेवल्या-जेवल्या चहा नको, त्यातल्या टॅनिन या तुरट द्रव्यामुळे घेवड्यातलं लोह कमी लागतं. तासभर थांबा.