शवासनात ‘छान वाटलं’ याच्या पुढे काही कळत नाही? या चुका टाळा

पाच मिनिटं शवासनात पडून उठलेल्या माणसाला काय जाणवलं ते विचारा. उत्तर ठरलेलं असतं: ‘शांत वाटलं.’ उत्तर खरं असेल, पण ते अपुरं आहे. शांत वाटणं हा नंतर काढलेला निष्कर्ष. त्याआधी शरीरात काय झालं? जबडा सुटला, तळहात जड झाले, पोट गुरगुरलं, की श्वास सोडल्यावरची विश्रांती लांबली? आतल्या अवयवांकडून येणारे हे संकेत टिपण्याला इंटरोसेप्शन म्हणतात. मेंदूतल्या इन्सुला या भागाचा त्यात मोठा वाटा असतो. योगाभ्यासातून ही जाण वाढवायची असेल, तर निष्कर्षाच्या अलीकडे थांबायला शिकावं लागतं.

मराठी माणसाकडे यासाठी शब्दांचा मोठा साठा आहे. ठणकणं वेगळं, ठुसठुसणं वेगळं. रग लागते, ओढ बसते, चमक भरते, मुंग्या येतात, पोटात ढवळतं, छातीत धडधडतं, डोळे चुरचुरतात. सरावानंतर वहीत एकच ओळ लिहा: जागा, शब्द, किती वेळ. ‘उजव्या मांडीमागे ओढ, पाय खाली ठेवल्यावर तीन श्वासांत गेली.’ ‘छान’, ‘बरं’, ‘रिलॅक्स’ हे शब्द वहीत येऊ देऊ नका.

ताण जास्त, जाण कमी

सगळ्यांत जास्त नुकसान या चुकीने होतं. पाय लांब करून पुढे वाकायच्या पश्चिमोत्तानासनात पायांचे अंगठे धरायचेच, असा हट्ट असतो. मांडीच्या मागच्या शिरा ताणून ओरडत असल्या, की पोटावर येणारा दाब, पाठीच्या बरगड्यांमध्ये शिरणारा श्वास, मानेतली धडधड यातलं काहीच ऐकू येत नाही. पतंजलींनी योगसूत्रांत ‘स्थिरसुखमासनम्’ (आसन स्थिर आणि सुखाचं असावं) म्हटल्यावर लगेच पुढच्या सूत्रात प्रयत्न सैल करण्याची गोष्ट काढली आहे, ती उगीच नाही. ओढ सुरू होते तिथे पोहोचा आणि दोन बोटं मागे या. गुडघ्यांखाली घडी केलेली चादर घ्या आणि तिथे पाच-सहा श्वास राहा. तोंडाने श्वास घ्यावा लागला किंवा कपाळाला आठी पडली, तर अजून थोडं मागे.

दोन्ही बाजू लागोपाठ

उजवा पाय झाला की लगेच डावा, ही वर्गातली सवय. तिने तुलनाच हातची जाते. फरक असला की संवेदना पटकन कळते. एकपाद पवनमुक्तासन असं करून पाहा: पाठीवर झोपून उजवा गुडघा छातीकडे घ्या, पाच श्वास धरा, पाय सावकाश लांब करा. आता डाव्या पायाला हात लावू नका. पूर्ण एक मिनिट दोन्ही पाय शेजारी शेजारी पाहा. कोणता लांब वाटतो? कोणती टाच चटईवर जास्त टेकली आहे? कंबरेची कुठली बाजू जमिनीला चिकटली? मग डावी बाजू करा. हा एक मिनिट वाचवला, तर आसन झालं आणि निरीक्षण राहिलं.

श्वास पाहताय की ओढताय?

लक्ष गेलं की श्वास बदलतो, ते सगळ्यांचंच होतं. दहा श्वास मोजा. सगळे एकसारखे लांब आणि भरगच्च आले, तर ते तुम्ही चालवताय. आपोआप येणारा श्वास थोडा लहान-मोठा असतो. हात पोटावर ठेवा, श्वास आत येताना काही पाहू नका, फक्त बाहेर गेल्यानंतरचा थांबा पाहा आणि पुढचा श्वास त्याला हवं तेव्हा येऊ द्या.

हृदयाचे ठोके अंदाजाने मोजणं

इथे स्वतःची फसवणूक सहज होते. पद्धत सोपी आहे. ताठ बसा, पाठ खुर्चीला टेकवू नका, तळहात मांडीवर उताणे, बोटं एकमेकांना लावू नका. पाठीला किंवा बोटांना टेकण मिळालं की तिथली नाडी कळते. घरच्या कुणाला तरी ‘सुरू’ आणि ‘थांब’ म्हणायला सांगा. मधला वेळ त्याने 25 ते 45 सेकंदांत हवा तसा बदलावा आणि तुम्हाला सांगू नये. तेवढ्या वेळात त्याने तुमच्या मनगटावर नाडी मोजावी. तुम्ही मनात 38 मोजले आणि नाडी 52 भरली, तर पकड साधारण 73 टक्के.

मात्र आपले ठोके मिनिटाला सत्तरच्या आसपास असतात हे माहीत असलेला माणूस मनात तेवढ्याच गतीने आकडे म्हणतो आणि उत्तर बरोबर येतं. ठोका एकही जाणवला नाही, पण आकडा जुळला! म्हणून नियम असा: ठोका लागला तरच मोजायचा. काहीच लागलं नाही, तर शून्य लिहायचं. शून्य ही प्रामाणिक सुरुवात आहे.

शून्यच येत असेल, तर आधी सहा सूर्यनमस्कार घाला आणि लगेच मकरासनात पालथे पडा. छातीत, गळ्यात, कधी पोटातही ठोका स्पष्ट लागतो. तो विरत जाताना शेवटपर्यंत पाठलाग करा; शेवटचा कुठे कळला ती जागा लिहा. सरावाने ती जागा बसल्या बसल्याही सापडू शकते. मग मनगटावर बोट ठेवून आणखी एक गंमत पाहा: श्वास आत येताना नाडी किंचित जलद, सोडताना मंद. तरुणांत हे जास्त ठळक, वयानुसार कमी.

अनुभव मोजून पाहण्याचा हा आग्रह बडोदेकरांना परका नाही. बडोद्याजवळच्या डभोईत 1883 साली जन्मलेले स्वामी कुवलयानंद बडोद्यात प्रोफेसर माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाममंदिरात घडले, पुढे नर्मदाकाठच्या मालसरला माधवदासजींकडे योग शिकले आणि 1924 साली लोणावळ्यात कैवल्यधाम काढून आसनं, प्राणायाम उपकरणं लावून तपासू लागले.

दुसऱ्याने सांगितलेलं जाणवणं

सकाळी बडोद्याच्या कमाटीबागेत गटात सराव करताना ‘आता पोटात ऊब पसरते आहे’ असं ऐकू आलं, की ऊब वाटतेच. आतून आलेल्या संकेतांत मेंदू आपला अंदाजही मिसळत असतो. शिकवणाऱ्यांनी ‘पोटात काय आहे?’ इतकंच विचारून गप्प राहावं, अर्धं मिनिट तरी. सतत सूचना चालू असतील, तर आतलं ऐकायला जागाच उरत नाही.

पोटाचंही तसंच. सेव-उसळ खाऊन तासाभरात चटईवर गेलात, तर जडपणा आणि जळजळ एवढंच सापडेल. पोटभर जेवणानंतर तीन-चार तास जाऊ द्या. मे महिन्यातल्या बडोद्यात पहाटेच सराव उरका आणि पंख्याचा झोत थेट अंगावर घेऊ नका. कातडीवरचा वारा आतलं सगळं झाकून टाकतो. शवासनात झोप लागते? कोपर जमिनीवर ठेवून एक हात उभा धरा. डुलकी आली की हात पडतो आणि जाग येते.

आत पाहिलं की घाबरायला होतं

ज्यांना धडधडीची धास्ती वाटते, त्यांनी छातीपासून सुरुवात करणं हीच चूक. डोळे उघडे ठेवा, उभे राहा, तळपायाखालचा दाब टाचेकडून चवड्याकडे सरकताना पाहा. दोन मिनिटं पुरे. मग तळहात, मग पोट. छाती सर्वांत शेवटी, तीही हात ठेवून.

छातीत दाब येऊन डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे कळ गेली, दम लागला, तर ती निरीक्षणाची वेळ नाही, दवाखाना गाठा. रक्तदाब जास्त असेल किंवा दिवस गेले असतील, तर श्वास रोखू नका. बीटा ब्लॉकर गोळ्या चालू असतील, तर ठोके त्या गोळ्यांमुळेच संथ असतात, इतरांच्या आकड्याशी तुलना नको. मधुमेह्याला सरावात घाम सुटून हात थरथरले, तर ‘ऊर्जा जाणवली’ म्हणून बसून राहू नये. साखर उतरली असू शकते, आधी ग्लुकोमीटर लावावा. त्याच माणसाला तळपायाचा दाब लागतच नसेल, तर दोष एकाग्रतेत नसून मज्जातंतूंत असू शकतो, आणि ते पुढच्या भेटीत डॉक्टरांना आवर्जून सांगावं.