बेसमेंट जॅक्स ऐकायचंय? मग या ऑर्डरने ऐका

बऱ्याच जणांना यांचं 'व्हेअर्स युअर हेड अ‍ॅट' तेवढं माहीत असतं, पण फीलिक्स बक्स्टन आणि सायमन रॅटक्लिफ या ब्रिटिश डान्स म्युझिक जोडीचं करिअर नीट समजून घ्यायचं असेल तर सुरुवात तिथून करू नका. आधी 1999 चा पहिला अल्बम 'रेमेडी' लावा, शफल बंद करून, जमलं तर हेडफोनवर. हे दोघं 1994 पासून लंडनच्या ब्रिक्स्टनमध्ये स्वतःच पार्ट्या करायचे, अटलांटिक जॅक्स हे रेकॉर्ड लेबलपण त्यांचंच, त्यामुळे पहिला अल्बम येईपर्यंत साउंड पक्का झालेला होता. त्यातलं 'रांदेव्हू' ऐकताना खालची किक, म्हणजे ड्रमचा ठोका, मोजत राहा, एक दोन तीन चार, एकदम सरळ हाऊस (क्लबात वाजणारं डान्स म्युझिक), आणि वर चक्क स्पॅनिश ढंगाची गिटार अन् रोबोटसारखा केलेला आवाज, म्हणजे खालचा ठेका साधा आणि वर नुसता धिंगाणा, हीच यांची ट्रिक.

मग 2001 चा 'रूटी'. आता यातलं ते फेमस 'व्हेअर्स युअर हेड अ‍ॅट' ऐका आणि लगेच गॅरी न्यूमनचं 1979 चं 'एम.ई.' लावा, तो रिफ (परत परत येणारी धून) तिथूनच सॅम्पल केलाय, म्हणजे त्या रेकॉर्डिंगमधून उचललाय, लगेच ओळखू येतो.

त्यानंतर 2003 चा 'किश कॅश', यात रॅपर डिझी रॅस्कल, पंक गायिका सूझी सू असे भलतेच गेस्ट आहेत. 2005 मध्ये ग्रॅमीत इलेक्ट्रॉनिक/डान्स अल्बमची कॅटेगरी पहिल्यांदा आली, ती यानेच जिंकली. मला स्वतःला मात्र 'रूटी'च जास्त आवडतो.

नंतरचे अल्बम सवडीने ऐका, 2014 चा 'हुंटो' त्यातल्या त्यात आधी.