डेस्कटॉपमधली धूळ काढताना सीपीयूच्या पंख्याखाली बघा

कॅबिनेटचं झाकण काढून दोन मिनिटं ब्लोअर मारायचा आणि झाकण परत लावायचं, हा सल्ला सगळीकडे मिळतो. त्याने मदरबोर्ड छान दिसतो, पण तापमान जागचं हलत नाही. संगणक तापवणारी धूळ बोर्डावर नसतेच. ती सीपीयूच्या (संगणकाच्या मुख्य चिपच्या) पंख्याखाली, हीटसिंकच्या (चिपची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्यांवर घोंगडीसारखी बसलेली असते. पंखा पूर्ण वेगाने फिरत राहतो आणि हवा पट्ट्यांपर्यंत पोचत नाही. वरून ब्लोअर मारला की तोच थर पट्ट्यांच्या फटींत आणखी खोल जातो.

आधी तापमान लिहून ठेवा. कोअर टेम्प किंवा एचडब्ल्यूमॉनिटर हे तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर उघडून दोन आकडे टिपा: मशीन दहा मिनिटं नुसतं चालू असतानाचा आणि दहा मिनिटं जड काम चालू असतानाचा. हे आकडे नसतील तर साफसफाईचा उपयोग झाला की नाही, ते कळणार नाही.

लागणारं सामान थोडं आहे: स्टार स्क्रू ड्रायव्हर, रंगकामाचा एक इंची मऊ नवा ब्रश, हातातला इलेक्ट्रिक ब्लोअर, 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि थर्मल पेस्ट (सीपीयू आणि हीटसिंकच्या मध्ये लावायची, उष्णता पोचवणारी पेस्ट). व्हॅक्यूम क्लीनरची प्लास्टिकची नळी बोर्डाजवळ नेऊ नका, तिच्यावर स्थिर वीज साठते. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवाही नको, तिच्यात पाण्याचे आणि तेलाचे थेंब असतात.

प्लग काढा, पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा, मशीन गॅलरीत न्या. आतल्या कशालाही हात लावण्याआधी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला बोटं टेकवा, आणि मधूनमधून पुन्हा टेकवत राहा.

पुढची जाळी आणि फिल्टर काढून नळाखाली धुवा, पूर्ण वाळवा. ग्राफिक्स कार्डाचा स्क्रू आणि स्लॉटच्या टोकाची क्लिप सोडवून ते बाहेर काढा आणि वेगळं साफ करा. रॅम चालत असेल तर तिला हात लावू नका.

ब्लोअर मारताना प्रत्येक पंखा बोटाने धरून ठेवायचा. ब्लोअरच्या झोताने पंखा त्याच्या नेहमीच्या वेगापेक्षा कितीतरी जोरात फिरतो. त्यात बेअरिंग खराब होतं, शिवाय फिरणारी मोटर उलट वीज तयार करून बोर्डात पाठवू शकते. पात्यांना चिकटलेली धूळ ब्रशने सोडवा आणि मग उडवा. स्वयंपाकघराजवळच्या किंवा रोज उदबत्ती लागणाऱ्या खोलीतल्या मशीनवरची धूळ तेलकट असते, ती हवेने निघत नाही. इअरबड अल्कोहोलमध्ये बुडवून एकेक पातं पुसावं लागतं.

एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, उघडू नका. 230 व्होल्टची वीज आत डीसी होते, तेव्हा मोठ्या कॅपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकू शकतो. जाळीतून काडी घालून पंखा अडवा आणि बाहेरूनच हवा मारा.

आता सीपीयूचा कूलर, म्हणजे पंखा आणि हीटसिंक मिळून. टॉर्च लावून पंख्याच्या पात्यांमधून खाली बघा. चकाकणारं अ‍ॅल्युमिनियम दिसत असेल तर कूलर हलवू नका, पट्ट्यांच्या बाजूने थोडी हवा मारून पुढे जा. राखाडी थर दिसत असेल तर कूलर काढायलाच हवा. एकदा तो जागचा हलला की जुनी पेस्ट संपली असं समजा. तिच्यात हवेचे कप्पे तयार होतात, त्यामुळे तीच पेस्ट ठेवून कूलर परत बसवला तर तापमान आधीपेक्षा वाढतं. पेस्ट हाताशी नसेल तर कूलर काढू नका.

एएमडीच्या एएम4 सॉकेटवर (बोर्डावरची सीपीयू बसवायची जागा) जास्त जपावं लागतं. सुकलेली पेस्ट सीपीयूला घट्ट धरते. कूलर सरळ वर ओढला तर सॉकेटची कडी लावलेली असतानाही सीपीयू त्याच्याबरोबर बाहेर येऊ शकतो, आणि त्याच्या 1331 पिनांपैकी काही वाकू शकतात. म्हणून मशीन पंधरा मिनिटं चालवून गरम करा, बंद करून प्लग काढा आणि लगेच कूलर मोकळा करा. मग तो डावी-उजवीकडे हळूहळू पिळत सैल करा. तो आपोआप सुटेपर्यंत वर उचलू नका. 2022 पासूनच्या एएम5 मध्ये पिना सॉकेटमध्ये असतात आणि सीपीयू चौकटीने दाबलेला असतो, तिथे ही भीती नाही.

इंटेलच्या मशीनबरोबर मिळणारे बहुतेक कूलर चार प्लास्टिकच्या पुश-पिनांवर बसतात. खरी डोकेदुखी इथे आहे. प्रत्येक पिनेत दोन भाग असतात: बोर्डाच्या भोकातून जाणारी पांढरी दुभंगलेली टोकं, आणि ती आतून फाकवणारा काळा दांडा. काढताना काळं डोकं बाणाच्या दिशेने पाव फेरा फिरवून वर ओढायचं. बसवण्याआधी तेच डोकं उलट फिरवून मूळ जागी आणायचं. हे विसरलं की पिन दाबल्यावर बसल्यासारखी वाटते आणि थोड्या वेळात वर येते. काळा दांडा वर ओढलेलाच हवा. तो खाली असेल तर टोकं आधीच फाकलेली असतात, ती भोकात शिरत नाहीत. तशात जोर लावला की पांढरी टोकं मोडतात.

साफ केलेल्या हीटसिंकवरची आणि सीपीयूवरची जुनी पेस्ट अल्कोहोलच्या कापडाने पुसा. सीपीयूच्या मध्यावर 4-5 मिलिमीटरचा एक थेंब ठेवा. बोटाने पसरवू नका, कूलरच्या दाबाने ती पसरते.

कॅबिनेट आडवं ठेवा. उभ्या कॅबिनेटमध्ये चौथी पिन बसणं फार अवघड जातं. चारही पांढरी टोकं भोकांत गेल्याची खात्री करा, मग समोरासमोरच्या दोन पिना एकाच वेळी दाबा आणि नंतर उरलेल्या दोन. कडेने ओळीने दाबत गेलात तर कूलर तिरका बसतो. प्रत्येक पिनेचा टक् असा आवाज आला पाहिजे. बोर्ड वाकतो आहे असं वाटलं तर थांबा, बोर्ड बाहेर काढून टेबलावर पिना बसवा. त्यात अर्धा तास जास्त जातो, पण बोर्डाला तडा जात नाही. शेवटी मागच्या बाजूने बघा: चारही ठिकाणी पांढऱ्या टोकांच्या मधोमध काळा दांडा दिसायला हवा.

पिन मोडली तर सुट्या पुश-पिना मिळतात. नवा कूलर घेणार असाल तर सॉकेट बघून घ्या. इंटेलच्या 1151 आणि 1200 सॉकेटवर भोकांमधलं अंतर 75 मिलिमीटर आहे, 1700 वर 78. एकाचा कूलर दुसऱ्यावर बसत नाही.

पंख्याची वायर सीपीयू फॅन लिहिलेल्या पिनांवरच लावा, नाहीतर बरीच मशीनं सुरू होताना एरर दाखवून थांबतात. झाकण न लावता मशीन सुरू करा आणि थेट बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगच्या स्क्रीनवर) तापमान बघा. आकडा थांबत नसेल आणि एक-दोन मिनिटांत 80-90 वर गेला, तर लगेच बंद करा. बहुतेक वेळा एखादी पिन सुटलेली असते. तापमान स्थिर राहिलं तर झाकण लावा आणि सुरुवातीचे दोन आकडे पुन्हा घ्या. जड कामाच्या वेळचा आकडा तसाच राहिला असेल तर कॅबिनेटचे पंखे तपासा, विशेषतः मागचा पंखा हवा बाहेर टाकतो आहे का ते कागदाचा तुकडा धरून बघा.

घरात रंगकाम किंवा दिवाळीआधीची घासपूस व्हायची असेल तर हे सगळं त्यानंतर करा. भिंत घासताना उडणारी बारीक पूड एका दिवसात हीटसिंक भरून टाकते. तोपर्यंत मशीन बंद करून चादरीने पूर्ण झाकून ठेवा.